चित्रकथा, कीर्तन आणि आपली नातवंडे

आपल्यात कोणाकडे मलिदा असो की नातवाचे बार मित्स्वा असो, जेवणे आटोपून मंडळी निवांत बसली की हल्ली एक सूचना हमखास कानी येते. आपल्या गोष्टींची कॉमिक्स काढा. मुले पुस्तक उघडत नाहीत, मराठी तर मुळीच वाचत नाहीत. पण चित्रे पाहतील. पुढे तेच मोबाईलवर घालता येईल, त्याची हलती चित्रे करता येतील, न जाणो सिनेमाही निघेल! सूचना करणारे बहुधा चाळिशीतले असतात आणि मान डोलावणारे आम्ही, साठी ओलांडलेले.

सूचना वाईट नाही. पण कॉमिक म्हणजे गोष्टीला चित्रे लावली की झाले, अशी जी समजूत त्यामागे दिसते ती आम्हांला पटत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही पेटीच्या तळाशी ठेवलेले अमर चित्र कथेचे जुने अंक पुन्हा काढले, काही नवे मुंबईहून मागविले, टिंकलचे थोडे आणि ‘चिंटू’ची पुस्तके जमविली आणि घरातल्या निरनिराळ्या वयाच्या नातवंडांच्या हाती देऊन पाहिली. चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केल्यामुळे आम्हांला एक सवय लागून गेली आहे. औषध चांगले की वाईट हे बाटलीवरचे लेबल वाचून ठरवायचे नाही, घेणाऱ्याकडे पाहून ठरवायचे. तीच सवय येथे वापरली.

आमच्या पिढीच्या लहानपणी माझगाव-भायखळ्याकडे दोन गोष्टी घरोघरी फिरत. एक ‘चांदोबा’. 1947 साली मद्रासहून तेलुगू व तमिळमध्ये निघालेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी बहीण 1952 पासून येऊ लागली. तिच्यात फुग्यातले संवाद नव्हते. भरपूर मजकूर आणि त्याच्यासोबत एक देखणे चित्र. शंकर नावाच्या चित्रकाराने काढलेला तो विक्रम राजा, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, ज्याने पाहिला तो विसरला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे 1964 साली टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स. त्यांतला वेताळ, जादूगार मँड्रेक. ही रद्दीवाल्याकडून रोजाच्या भाड्याने आणीत असू आणि परत करण्याआधी अर्धी चाळ वाचून काढी. तो वेताळ परदेशी होता, पण आणणाऱ्यांनी एक शहाणपण केले होते. मुळात त्याचा देश बंगालच्या नावाशी जुळेल असा होता आणि त्यातले दर्यावर्दी चोर ‘सिंग’ नावाचे होते. आपल्याकडे देशाचे नाव डेंकाली केले आणि सिंगचे सिंगा झाले. कोणाचे मन दुखवायला नको! एका समाजाची गोष्ट दुसऱ्याच्या घरात नेताना कुठे हात लावायचा, याचा तो एक लहानसा धडा होता असे आता वाटते.

इंद्रजालच्या त्याच कामातून अनंत पै पुढे आले. 1929 साली कर्नाटकातल्या कारकळ येथे जन्मलेल्या ह्या गृहस्थांची कथा बहुतेकांनी ऐकली असेल. 1967 साली दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा त्यांनी पाहिली. मुलांना ग्रीक देवांची नावे येत होती, रामाच्या आईचे नाव मात्र सांगता येईना. त्यातून इंडिया बुक हाऊसच्या आश्रयाने अमर चित्र कथा सुरू झाली. मजेची गोष्ट अशी की मालेतील पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचेच होते. आपल्या मातीतली गोष्ट अकराव्या क्रमांकाला आली, ती ‘कृष्ण’. चित्रे राम वाईरकरांची. पुढे चारशेहून अधिक अंक निघाले. चित्रकारांत मराठी नावे किती दिसतात पाहा: वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. 1980 च्या दशकात बेचाळीस भागांचे महाभारत निघाले, त्याचा मोठा भार कदमांनी उचलला.

ह्या अंकांची मांडणी कशी असते? साधारण तीस-बत्तीस पाने, पानावर पाच-सहा चौकटी. वरच्या पट्टीत निवेदन, खाली माणसांच्या तोंडून निघालेले फुगे. चौकटी सरळ रेषेत, एकीचा कोपरा दुसरीत घुसत नाही. आजच्या तरुण चित्रकारांना ही मांडणी बाळबोध वाटते. आम्हांला तीच तिची थोरवी वाटते. लहान मुलाचे, किंवा अडखळत वाचणाऱ्या मोठ्याचे, बोट कुठे जायचे हे पान स्वतः सांगते. शिवाय चित्र तेच ठेवून फुग्यांतील अक्षरे तेवढी बदलली की तोच अंक हिंदीत, मराठीत, बंगालीत निघतो. एका घरात आजी एक भाषा आणि नातू दुसरी भाषा वाचीत असतील तरी दोघांपुढे चित्र एकच राहते. मराठी अंकांत अक्षरे फुग्यात दाटीवाटीने बसविलेली दिसतात, काही ठिकाणी वेलांट्या फुग्याच्या कडेला टेकलेल्या, कारण फुगा दुसऱ्या भाषेच्या मापाने आधीच काढलेला असतो. उसन्या अंगरख्यासारखे. तरी काम भागते.

आमच्या येथे काम भागले नाही, ते निराळ्याच कारणाने. आमच्या धाकट्या नातवाने अंक हातात घेतला तो मागून उघडला. त्यात त्याची चूक काय? त्याची शाळेची सारी पुस्तके तशीच उघडतात. पानावरही तो उजवीकडून डावीकडे गेला. त्यामुळे आधी राक्षस मेला, मग दोघांचे भांडण झाले आणि शेवटी दोघे एकमेकांना प्रथमच भेटले. पोराने तक्रार केली नाही, म्हणाला, “सावता, ही गोष्ट चांगली आहे, शेवटी त्यांचे जमते.”

हसू आले, पण विचारही सुरू झाला. आम्ही वॉर्डात असताना गोळ्यांची एक चित्रांची चिठ्ठी रुग्णांना दिली जाई. तीन चौकटी, पहिलीत दोन गोळ्या, दुसरीत एक, तिसरीत अर्धी. शब्द नकोत म्हणूनच ती केलेली, कारण एकाच खोलीत मोरोक्कोच्या बाई, रशियाहून आलेले आजोबा आणि कोकणातल्या आपल्या एखाद्या मावशी असत. पण चिठ्ठी हिब्रू वळणाची, म्हणजे पहिली चौकट उजवीकडे. रशियन आजोबा आणि आपल्या मावशी डावीकडून वाचीत आणि सकाळी अर्धी गोळी घेण्याच्या बेतात असत. पहिल्या चौकटीच्या डोक्यावर पेनने एक सूर्य काढला तेव्हा ती चिठ्ठी खरोखर सर्वांची झाली. 1991 च्या मे महिन्यात दोन दिवसांत चौदा हजारांवर इथिओपियन बांधव विमानांनी येथे आले, त्यानंतर तर असे कितीतरी सूर्य-चंद्र काढावे लागले. चित्राला भाषा लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस वॉर्डात येऊन उभे राहावे.

हिब्रूत आणलेल्या काही परदेशी चित्रकथांत ह्यावर एक तोड काढलेली दिसते. सबंध पान आरशात पाहिल्यासारखे उलटे छापायचे. वाचायला सोपे, यात शंका नाही. पण मग सगळी माणसे डावखुरी होतात. प्रताप मुळीकांचा शिवाजी असा उलटला तर महाराज डाव्या हाताने तलवार चालवतील, ते एक वेळ चालेल. कोकणातल्या बाईचे चित्र उलटले तर लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावर जाईल! आमच्या आईने ते पाहिले असते तर पुढची गोष्ट वाचलीच नसती. तेव्हा ज्यांना आपल्या गोष्टी येथे चित्रांत काढायच्या आहेत त्यांनी पहिली रेघ ओढण्याआधीच दिशा ठरवायला हवी. मागाहून आरसा धरून भागणार नाही.

भाषेचे म्हणाल तर अमर चित्र कथेची मराठी आमच्या नातवंडांना झेपत नाही, आणि झेपली तरी बोलायला उपयोगी पडत नाही. ‘तथास्तु’ आणि ‘हे राजन्’ म्हणून अश्दोदच्या बाजारात कोणी कोथिंबीर देत नाही, आणि मुंबईच्याही नाही. आम्हांला स्वतःला ती भारदस्त मराठी ऐकायला आवडते, कीर्तनाची आठवण होते. पण मूल फुग्यापाशी थबकते, मोठ्या माणसाला विचारते, आणि तीनदा विचारल्यावर अंक खाली ठेवते. ‘चिंटू’चा अनुभव अगदी उलट आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्या जोडीने 1991 च्या नोव्हेंबरमध्ये ‘सकाळ’मध्ये हा पोरगा आणला. तीन-चार चौकटी, घरातले आई-बाबा, मित्र, शाळा, क्रिकेट. वाक्य चार-पाच शब्दांचे आणि ते खरोखर कोणीतरी बोलेल असे. आमची मोठी नात देवनागरी अक्षर लावून लावून वाचते, तिने एका बैठकीत आठ-दहा चिंटू वाचले आणि आईला “काहीतरीच काय!” असे बरोबर जागी म्हणाली. देवादिकांच्या गोष्टी तिला हे देऊ शकल्या नाहीत.

‘टिंकल’मधल्या सुप्पंडीचेही तसेच. 1983 साली आलेला हा पोरगा, तोही वाईरकरांच्याच हातचा: टोकदार हनुवटी, डोक्यावर शेंडीसारखे केस. मालकाने सांगितलेला शब्द तो अक्षरशः घेतो आणि गोंधळ करून ठेवतो. उल्पानात बसलेल्या प्रत्येकाला हा विनोद पोटातून कळेल, कारण नव्या भाषेत पहिले वर्ष आपण सर्वच सुप्पंडी असतो. तथापि एक गोष्ट टोचते. हसे नेहमी नोकराचे होते, मालकाचे क्वचितच. लहानपणी हे जाणवले नसते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हुकमांची अंमलबजावणी केल्यावर जाणवते. वसंत हळब्यांनी चितारलेला शिकारी शंभू त्या मानाने निर्मळ. भित्रा माणूस, अपघाताने शूर ठरणारा, आणि टोपी इतकी खाली ओढलेली की डोळे कधी दिसतच नाहीत. डोळ्यांशिवाय भीती दाखवायची म्हणजे गंमत नाही. सगळी भीती गुडघ्यांत आणि मिशीत आहे! चित्रकाराचे खरे कसब असल्या ठिकाणी दिसते, रथांच्या आणि युद्धांच्या भव्य पानांत नव्हे.

आता एका माध्यमातून दुसऱ्यात नेण्याविषयी. 1987 मध्ये रामानंद सागरांचे रामायण आणि 1988 मध्ये चोप्रांचे महाभारत दूरदर्शनवर सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, असे मुंबईची पत्रे सांगत. पुढे घरोघरी वाहिन्या आल्या आणि मुलांच्या हातातली चित्रकथा सुटत गेली. अनंत पै 2011 च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्याआधीच माला नव्या मालकांकडे गेली होती. आज हे अंक मोबाईलवर वाचता येतात, सुप्पंडी तर हलतो-बोलतोही. आम्ही दोन्ही प्रकार मुलांना दाखविले. मोबाईलवर एकेक चौकट मोठी होऊन समोर येते. दिशेचा घोटाळा सुटतो, हे मान्य केलेच पाहिजे; पुढे काय हे यंत्रच ठरवते. पण सबंध पान एकदम दिसत नाही. पानाच्या खालच्या कोपऱ्यात वाघ बसला आहे हे वरच्या चौकटीत शंभूला ठाऊक नसते आणि आपल्याला असते, ही जी सारी मजा ती जाते.

हलत्या चित्रांचे दुखणे वेगळे. ती थांबत नाहीत. छापील पानावर मूल वाटेल तेवढा वेळ राहते, मागे जाते, बोट ठेवून विचारते. हलत्या चित्रापुढे आमचा नातू पुतळ्यासारखा बसला आणि संपल्यावर गोष्ट काय म्हणून विचारले तर “मजा आली” एवढेच म्हणाला. 2012 साली ‘चिंटू’चा सिनेमा निघाला, श्रीरंग गोडबोल्यांचा. मुले गोड आहेत, खेळायचे मैदान हातचे जाते आणि ते परत मिळवायचे, अशी गोष्टही बेतशीर. पण चार चौकटींचा चिंटू संकटात सापडत नसे; त्याला फक्त शाळेत जायचे नसे. दोन तासांच्या सिनेमाला खलनायक लागतो आणि खलनायक आला की चिंटूचे चिंटूपण निम्मे उरते. निर्मात्यांना बोल नाही. ताकाला लोणकढ्या तुपाचे काम सांगितल्यावर दुसरे काय होणार!

हे सगळे चाळताना आमच्या मनात सारखे कीर्तन येत होते. 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या समाजातील उत्साही मंडळींनी, त्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकरांचे नाव आवर्जून घेतले जाते, मराठी कीर्तनाचा साज उचलला आणि त्यात आब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने बसविली. साकी, दिंडी, ओवी ह्या हिंदू कीर्तनकारांच्या चालींवर तोराहच्या कथा. विचार करा, हे किती धीट काम होते. ज्यांना हिब्रू वाचता येत नव्हते, कित्येकांना मराठीही वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचवायची आणि तीही कंटाळा न आणता. शब्द, सूर, पेटी, हातवारे, मध्येच एखादी कोपरखळी. आज येथे आपल्या भगिनी ती पदे जपून म्हणतात, त्यांचे उपकार आहेत. आणि कीर्तनकार जे करू शकतो ते मोबाईल करू शकत नाही. समोरच्याचा चेहरा पाहून तो थांबतो. मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळले नाही असे दिसले की कडवे पुन्हा घेतो.

चित्राची वाटही आपल्याला नवी नाही. 1874 साली पुण्यात छापलेली हागादा ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे: एका बाजूस हिब्रू, सोबत मराठी भाषांतर, आणि चित्रांत साडी नेसून मात्सा तयार करणाऱ्या बायका. युरोपातल्या हागादांत त्या जागी युरोपातली माणसे असत. पुण्याच्या चित्रकाराने आपल्या ओट्यावरच्या, आपल्या बायका काढल्या. 2019 साली येरुशलाईमच्या कोरेन प्रकाशनाने संपूर्ण हागादा चित्रकथेच्या रूपात काढली. मजकूर जॉर्डन गोर्फिंकेल यांचा, जे पूर्वी बॅटमनच्या अंकांचे संपादन करीत, आणि चित्रे एरेझ झादोक यांची. रंग झकास, मुलांना सेदेरच्या रात्री जागे ठेवण्याची ताकद तिच्यात नक्की आहे. तरी आम्हांला पुण्याच्या त्या काळ्यापांढऱ्या चित्रांत जे सापडते ते तिथे सापडले नाही: मात्साच्या पिठाशी बसलेली बाई आमच्या आजीसारखी बसली आहे. हा आमचा पक्षपात म्हणा. तो आहे.

येथवर गोड गोड झाले. आता अमर चित्र कथेचा जो दोष अभ्यासकांनी पुष्कळदा दाखविला आहे आणि जो आम्हांलाही ह्या वाचनात खुपला, तो सांगतो. देव-नायक गोरे नाहीतर निळे, राक्षस काळे आणि जाड ओठांचे. पद्मिनीच्या अंकात आगीत उडी घेणे हे इतके सुंदर रंगात येते की लहान मुलीने त्यातून काय उचलावे याची धास्ती वाटते. आणि सर्वांत मोठे म्हणजे चित्राला ‘बहुधा’ म्हणता येत नाही. लेखक लिहू शकतो की असे सांगतात, अशी आख्यायिका आहे. चित्रकाराला मुकुट काढावाच लागतो, आणि एकदा काढला की शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या राजाचा मुकुट असाच होता हे मुलाच्या डोक्यात कायमचे बसते.

हा दोष आपल्या दारात लगेच येऊन उभा राहील. आपली पहिली गोष्ट कोणती काढणार? अर्थात नवगावचे फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, किनाऱ्यावर पुरलेले मृत. ते कोणत्या शतकात झाले यावर आजही एकमत नाही. त्या सात बायकांच्या अंगावर काय घालणार? लांब झगे काढले तर नातवंडांना त्या परक्या वाटतील. लुगडी काढली तर त्या किनाऱ्याला लागण्याआधीच कोकणी झाल्या! दावीद राहाबीचेही तसेच. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात, कोणी कोचीनच्या अठराव्या शतकातल्या राहाबी घराण्यातला. आमचे मत असे की तारीख घालू नये, वरच्या पट्टीत ‘आजी सांगायची’ असे लिहावे आणि एका कोपऱ्यात ती सांगणारी आजी दर दोन-चार पानांनी दिसत राहावी. मग चित्र हे तिच्या डोळ्यांपुढचे चित्र ठरते, इतिहासाचा दाखला ठरत नाही. आणि मुलाला कळते की प्रश्न कोणाला विचारायचा.

दुसरा प्रश्न अवघड आहे. 1962 मध्ये येथील रब्बानूतने आपल्या लोकांच्या लग्नांबाबत पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसे येरुशलाईमला ठाण मांडून बसली, बायका-मुलांसह. ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. हे गमतीच्या चित्रकथेत घालायचे की नाही? बरेच जण म्हणतील, नको, मुलांना कशाला जुन्या जखमा. आम्ही म्हणू, घाला. आणि कसे घालावे याचे दोन नमुने आपल्यापुढे आहेत. अमर चित्र कथेने 1979 साली बाबासाहेब आंबेडकरांचा अंक काढला. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारले जाते तो प्रसंग त्यात सरळ, साधा, नेहमीच्याच चौकटींत आहे. आणि नेहमीच्या चौकटींत आहे म्हणूनच तो धक्का देतो. 2011 साली नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, दुर्गाबाई व सुभाष व्याम ह्या गोंड चित्रकारांची चित्रे. त्यांनी चौकटी टाकूनच दिल्या. सज्जन माणसांचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि विषारी बोलणे विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात! वाचता न येणाऱ्यालासुद्धा हे वाक्य डसणारे आहे हे कळेल. आम्ही ते पुस्तक अकरा वर्षांच्या नातीला दाखविले. मजकूर तिला वाचता आला नाही, पान कोठून सुरू होते तेही नीट सापडले नाही. पण विंचू तिने एकेक करून मोजले. मग विचारले की हे लोक असे का बोलतात. तिला पाण्याची गोष्ट सांगितली, आणि त्यापाठोपाठ 1964 ची सांगितली. आमच्या घरात ती गोष्ट नातवंडांपैकी कोणाला प्रथमच सांगितली गेली.

तेव्हा निव्वळ देखणेपणाच्या मोजमापाने ‘भीमायन’ अमर चित्र कथेच्या कितीतरी पुढे आहे, आणि मुलाला एकट्याने वाचता येण्याच्या मोजमापाने मागे. आपल्याला दोन्ही हवे आहे: अमर चित्र कथेची चौकट आणि व्यामांचा विंचू.

सुरुवात मात्र गलबतापासून करू नये असे आम्हांला वाटते. गलबत, लाटा, वादळ कोणीही काढील. सुरुवात माशांपासून करावी. राहाबीने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवून रांधायला सांगितले आणि त्यांनी खवल्यांचे तेवढे घेतले, बिनखवल्यांचे बाजूला सारले, त्यावरून त्याने ओळखले ही कथा. यात एकही शब्द लागत नाही. टोपलीत मासे, एका बाईचा हात, दोन ढीग, बघणाऱ्या पाहुण्याचा चेहरा. कोणत्या दिशेने वाचायचे हा प्रश्नही उरत नाही, कारण कापलेले मासे कोणी उलट टोपलीत भरत नाही. ह्यावर हिब्रू फुगा बसेल, मराठी बसेल, इंग्रजी बसेल, कोणी मोबाईलवर हलता केला तर हातांची हालचाल मुळातच आहे, आणि कीर्तनात घ्यायचा तर दोन साक्या पुरतील.

एकच अडचण दिसते. येथल्या चित्रकाराला मासे काढायला सांगितले तर तो किन्नेरेतले काढील. त्याच्यापुढे रावस आणि बोय ठेवला पाहिजे, शिंगाळा आणि मुशी ठेवली पाहिजे, आणि कोणता कुठे जातो हे हाताने निवडून दाखविणारी बाई पाहिजे. अलिबाग-रेवदंड्याकडच्या अशा बायका लोदला, रामलेला, दिमोनाला अजून आहेत. त्यांतल्या कित्येक ऐंशीच्या पुढे आहेत.